लेखकाच्या पश्चात चालू राहणारी हेरकथा

मा. संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पुस्तकांच्या पानावर परदेशी हेरकथांची ओळख अधूनमधून करून दिली जाते, त्याबद्दल मी आपली आभारी आहे. मात्र मूळ लेखकाच्या निधनानंतर दुसऱ्या लेखकाने पुढे चालवलेल्या मालिकांविषयी त्या पानावर, आणि इतरत्रही, ज्या पद्धतीने लिहिले जाते, तिच्याविषयी मला काही म्हणायचे आहे. अशी कादंबरी हाती आली की परीक्षक बहुतेक वेळा एकच कसोटी लावतात: नव्या लेखकाला मूळ लेखकासारखे लिहिणे साधले आहे की नाही. साधले असेल तर कौतुक होते, नसेल तर पुस्तक निकालात निघते. ही कसोटी अपुरी आहे, असे मला वाटते. आधी पाहायला हवे ते हे की मूळ मालिकेत आणखी एका कथेला जागा उरली होती का, आणि उरली असेल तर नव्या लेखकाला ती सापडली का.

हे नीट सांगण्यासाठी निक हार्कअवे यांच्या 'कार्लाज चॉइस' या २०२४ मधील कादंबरीविषयी जरा सविस्तर लिहिते. हार्कअवे हे प्रसिद्ध ब्रिटिश हेरकथालेखक जॉन ल कॅरे यांचे पुत्र. ल कॅरे यांचे निधन १२ डिसेंबर २०२० रोजी झाले. त्यांच्या कादंबऱ्यांतील हेर जॉर्ज स्मायली १९६१ साली पहिल्यांदा वाचकांसमोर आला आणि २०१७ साली त्यांच्याच 'अ लेगसी ऑफ स्पाइज' या कादंबरीत शेवटचा दिसला. या दोन टोकांमध्ये एक मोठी पोकळी आहे. १९६३ मधील 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' या कादंबरीच्या शेवटच्या पानांवर बर्लिनमध्ये जे घडते, त्याची बोच स्मायलीच्या मनात राहते. १९७४ मधील 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' सुरू होते, तेव्हा तो सर्कसमधून, म्हणजे ल कॅरे यांच्या कल्पनेतील ब्रिटिश गुप्तहेर खात्यातून, बाहेर काढला गेलेला, संसार विस्कटलेला आणि स्वतःच्या कर्तबगारीवरचा विश्वास उडत चाललेला असा गृहस्थ असतो. मधल्या वर्षांत तो असा कसा झाला, हे ल कॅरे यांनी बरेचसे तुटक उल्लेखांवर सोडून दिले होते. हार्कअवे यांनी नेमकी हीच फट निवडली आणि कथा १९६३ च्या वसंत ऋतूत ठेवली.

कथेची सुरुवात साधी आहे. लंडनमधील एक हंगेरियन साहित्यिक एजंट, म्हणजे लेखक आणि प्रकाशक यांच्यातला मध्यस्थ, बेपत्ता होतो. त्याला ठार मारण्यासाठी पाठवलेल्या माणसाचे मन ऐन वेळी पालटते आणि एजंटच्या कचेरीत काम करणाऱ्या सुझाना या हंगेरीहून आलेल्या तरुणीपुढे तो आपल्या कामाची कबुली देतो. स्मायली तोवर नोकरी सोडून पत्नी ॲनसोबत शांतपणे राहू लागलेला असतो. या तरुणीशी फक्त बोलायचे आहे, असे सांगून त्याला परत बोलावले जाते. वेळ आणि माणसे अशी निवडण्यात मोठा विचार आहे. हंगेरीतील १९५६ चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्यावर सुमारे २ लाख लोक देश सोडून गेले होते आणि त्यांतले हजारो ब्रिटनमध्ये आले होते. त्यामुळे लंडनमध्ये असा एजंट आणि अशी तरुणी असणे वाचकाला मुळीच ओढूनताणून आणल्यासारखे वाटत नाही. शिवाय जानेवारी १९६३ मध्येच किम फिल्बी हा ब्रिटिश गुप्तहेर खात्यातील फितूर बैरुतमधून नाहीसा होऊन मॉस्कोला पोहोचला होता. आपल्यातलाच कोणी तरी शत्रूचा असू शकतो, ही भीती त्या काळाच्या हवेतच होती.

परंतु या कादंबरीचा खरा परिणाम येतो तो आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींमधून. मूळ पुस्तके वाचलेल्या माणसाला माहीत असते की हा संसार टिकणार नाही. सर्कसमध्ये वावरणाऱ्या सहकाऱ्यांपैकी एक जण फितूर आहे, हेही त्याला माहीत असते. ('टिंकर टेलर' अजून न वाचलेल्यांसाठी त्याचे नाव मी येथे देत नाही.) म्हणून स्मायली आणि ॲन यांच्या सुखाचे साधे प्रसंगही वाचताना मन अस्वस्थ होते आणि त्या सहकाऱ्याने केलेला एखादा विनोद, दाखवलेली आपुलकी आपण निराळ्याच नजरेने पाहू लागतो. नव्या लेखकाला यासाठी एकही इशारा द्यावा लागत नाही. ते सगळे वाचकच सोबत घेऊन येतो. पुढचे ठाऊक असल्यामुळे उत्कंठा मरते, असे मानणाऱ्यांनी ही कादंबरी जरूर वाचावी. शेवट माहीत असताना वाटणारी काळजी ही कुतूहलापेक्षा जड असते आणि पुस्तक संपल्यावरही ती सोबत राहते.

यातली जोखीम कार्लाची, म्हणजे स्मायलीच्या सोव्हिएत प्रतिस्पर्ध्याची होती. 'टिंकर टेलर'मध्ये स्मायली एका रात्री आपल्या तरुण सहकाऱ्याला दिल्लीतील तुरुंगाची एक जुनी हकिगत सांगतो. १९५० च्या दशकाच्या मध्यावर तेथे अटकेत असलेल्या एका सोव्हिएत हेराला आपल्या बाजूला वळवण्यासाठी तो गेलेला असतो. समोरचा माणूस एक शब्दही बोलत नाही. त्याला बोलते करण्याच्या प्रयत्नात स्मायलीच आपल्या पत्नीविषयी, आपल्या मनाविषयी नको इतके बोलून बसतो, आणि तो माणूस जाताना ॲनने स्मायलीला दिलेला लायटर घेऊन जातो. तोच कार्ला. संपूर्ण मालिकेतील कार्लाची दहशत या मौनावर उभी आहे. पुढच्या लेखकाने त्याला समोर आणून फार बोलायला लावले असते, त्याच्या बालपणाची आणि हेतूंची तपशीलवार उकल केली असती, तर नव्या कादंबरीबरोबर जुन्या कादंबरीतील हे दृश्यही उणे झाले असते. शीर्षकात कार्लाचे नाव असूनही पुस्तकाचा भार हार्कअवे यांनी स्मायलीवरच ठेवला आहे, हे मला त्यांच्या समजूतदारपणाचे लक्षण वाटते.

काळाच्या हिशोबाविषयी काही वाचक फार कडक असतात. त्यांच्यासाठी एवढेच नमूद करते की ल कॅरे यांच्या पहिल्या कादंबरीप्रमाणे स्मायली १९२८ साली या व्यवसायात येतो. तो हिशोब धरला तर २०१७ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे भेटणारा स्मायली शंभरीच्या बराच पुढे गेलेला असायला हवा. मूळ लेखकानेच जे दिनदर्शिकेचे बंधन पाळले नाही, ते पुढच्या लेखकावर लादणे योग्य नव्हे.

जेम्स बाँडच्या बाबतीत मात्र काळाचा प्रश्न इतक्या सहजी सुटत नाही. इयान फ्लेमिंग यांचे निधन १२ ऑगस्ट १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी झाले. १९५३ पासून त्यांनी लिहिलेल्या बाँडच्या १२ कादंबऱ्या आणि २ कथासंग्रह प्रसिद्ध झाले, त्यांतील शेवटची २ पुस्तके मृत्यूनंतर १९६५ आणि १९६६ मध्ये आली. या पुस्तकांतील बाँड दुसऱ्या महायुद्धाने घडवलेला आहे. शिधावाटपाच्या, ओढगस्तीच्या ब्रिटनमधील वाचकाला तो उंची जेवण, मोटारी आणि दूरचे समुद्रकिनारे दाखवत होता. साम्राज्य हातचे जात असताना लंडनचा एक माणूस अजून जगाच्या घडामोडींना वळण देऊ शकतो, असा दिलासाही त्या कथांतून मिळत होता. हा सगळा संदर्भ काढून घेतला की हाती एक नाव, एक आकडा आणि काही सवयी तेवढ्या उरतात.

१९६८ मध्ये किंग्जली एमिस यांनी रॉबर्ट मार्कम या टोपणनावाने 'कर्नल सन' लिहिली, तेव्हा हा संदर्भ अजून ताजा होता. फ्लेमिंग यांच्या पत्नी ॲन यांचा बाँड पुढे चालवण्यालाच विरोध होता आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही एमिस यांना एक जागा खरोखर सापडली होती. मूळ पुस्तकांत बाँडचा वरिष्ठ एम हा बहुधा आपल्या टेबलामागे बसून हुकूम देणारा, जणू कशानेच न हलणारा माणूस आहे. एमिस यांनी त्यालाच त्याच्या राहत्या घरातून पळवून नेले. आजवर ज्याच्या शब्दावर जीव धोक्यात घालायचा, त्याचाच जीव वाचवायचा अशी वेळ बाँडवर आली आणि त्या दोघांमधला कधीच न बोलला गेलेला जिव्हाळा प्रथमच कथेच्या मध्यभागी आला. एमिस यांची भाषा फ्लेमिंगसारखी आहे की नाही, यावर बरीच चर्चा झालेली आहे. मला स्वतःला ही एक कल्पना त्या सगळ्या चर्चेहून मोलाची वाटते.

पुढे जॉन गार्डनर यांनी १९८१ ते १९९६ या काळात बाँडच्या १४ स्वतंत्र कादंबऱ्या लिहिल्या, म्हणजे फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्यांपेक्षाही जास्त. त्यांनी बाँडला वय न वाढवता सरळ १९८० च्या दशकात आणून ठेवले, साब मोटार दिली, कमी टारच्या सिगारेटी दिल्या आणि डबल ओ विभागही, म्हणजे ठार मारण्याचा परवाना असलेल्या हेरांचा बाँडचा विभाग, अधिकृतपणे बंद झालेला दाखवला. हे काम मेहनतीचे आहे आणि त्यातल्या काही कादंबऱ्या वेगवान आहेत, पण युद्धाची सावली पुसली गेल्यावर या माणसाला इतका एकाकी आणि कठोर कोणी केले, याचे उत्तर त्या पुस्तकांत मिळत नाही. गार्डनर यांच्यानंतर रेमंड बेन्सन यांनी २००२ पर्यंत मालिका वर्तमानकाळातच ठेवली. जेफ्री डीव्हर यांनी २०११ मधील 'कार्ट ब्लांश'मध्ये आणखी निराळा मार्ग घेतला आणि बाँडला अफगाणिस्तानातील युद्ध पाहिलेला आजचा तरुण बनवले. हा प्रामाणिक प्रयोग होता, कारण एक युद्ध काढून घेताना त्यांनी त्या जागी दुसरे युद्ध दिले.

भूतकाळात परत जाणाऱ्यांची वाट मला अधिक भरवशाची वाटते. सेबॅस्टियन फॉक्स यांनी फ्लेमिंग यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २८ मे २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'डेव्हिल मे केअर'साठी १९६७ हे साल घेतले. विल्यम बॉइड यांनी २०१३ च्या 'सोलो'साठी १९६९ घेतले आणि कादंबरीची सुरुवात बाँडच्या ४५ व्या वाढदिवशी केली. ही निवड वरवरची नाही. फ्लेमिंग यांच्या 'मूनरेकर'मध्ये डबल ओ विभागातील माणसाला ४५ व्या वर्षी प्रत्यक्ष कामगिरीवरून काढले जाते, असा नियम सांगितलेला आहे आणि बाँड तेथे आपली उरलेली वर्षे मोजतो. मूळ लेखकाने एकदा जाता जाता लिहून ठेवलेले वाक्य पुढच्या लेखकाने असे उचलावे आणि त्यातून वय झालेल्या हेराच्या मनात शिरावे, याला मी मालिकेचे खरे वाचन म्हणते. अँथनी होरोविट्झ यांनी २०१५ च्या 'ट्रिगर मॉर्टिस'मध्ये 'गोल्डफिंगर' संपल्यानंतरचे लगेचचे दिवस घेतले. दूरचित्रवाणीसाठी फ्लेमिंग यांनी लिहून ठेवलेल्या, पण न वापरल्या गेलेल्या मोटार शर्यतीच्या एका कथाबीजाचाही त्यांनी त्यात उपयोग केला. प्रत्येक साहसाच्या शेवटी बाँडसोबत असणारी स्त्री पुढच्या पुस्तकात कोठेच नसते, हे आपण सवयीने मान्य करत आलो होतो. होरोविट्झ यांनी साहस संपल्यावर त्या दोघांना लंडनमध्ये एकत्र ठेवून पाहिले आणि ते का टिकत नाही, हे दाखवले.

याच्या उलट बाजूला जेसन बोर्न आहे. रॉबर्ट लडलम यांनी १९८०, १९८६ आणि १९९० अशा तीन कादंबऱ्यांत त्याची कथा सांगितली. स्मृती गमावलेला एक माणूस आपण कोण हे शोधतो, आपण मुळात डेव्हिड वेब नावाचा विद्वान गृहस्थ आहोत हे त्याला कळते, मेरीबरोबर तो घर उभे करतो, आणि कार्लोस या मारेकऱ्याशी असलेला हिशोब तिसऱ्या कादंबरीत पुरा होतो. ही कथा संपलेली आहे. तिला सुरुवात आहे, मध्य आहे आणि श्रमाने मिळवलेली विश्रांती आहे. लडलम यांचे निधन मार्च २००१ मध्ये झाल्यावर एरिक व्हॅन लस्टबाडर यांनी २००४ मध्ये 'द बोर्न लेगसी' लिहिली आणि नंतर ही मालिका मूळ तीन कादंबऱ्यांच्या कितीतरी पट वाढत गेली. २०२० पासून ब्रायन फ्रीमन ती लिहीत आहेत. लस्टबाडर यांना कथा रचता येत नाही, असे मी म्हणणार नाही. पाठलाग आणि डावपेच त्यांना चांगले जमतात. परंतु संपलेली गोष्ट पुन्हा सुरू करायची तर आधी मिळालेली विश्रांती मोडावी लागते. म्हणून बोर्नचे जिवाभावाचे जुने सोबती पहिल्याच पुस्तकात मारले जातात, आणि नंतर मेरीही कथेतून जाते, तेही बहुतांशी वाचकाच्या नजरेआड. ज्या स्त्रीमुळे हा माणूस माणसात आला, तिला अशा रीतीने बाजूला केल्यावर पुढच्या साहसांत कितीही वेग असला तरी त्या मागे मूळ कथेचे कारण उरत नाही. येथे दोष शैलीचा नाहीच. जागा नसताना बांधकाम केले, हा दोष आहे.

शैलीच्या अनुकरणाविषयी आता थोडे. गाण्यात गुरूच्या आवाजाची नक्कल करणारा शिष्य आणि गुरूची गायकी घेतलेला शिष्य, यांत जाणकार फरक करतात. हेरकथेतही तो करायला हवा. फ्लेमिंग यांची नक्कल करायची तर मद्याचे प्रकार, सिगारेटी, घड्याळे, पत्त्यांचे डाव आणि खलनायकाचे विचित्र शारीरिक व्यंग एवढे भरले की भागते. त्यांची गायकी मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. एखादी वस्तू किंवा कृती इतक्या नेमक्या, बातमीदाराच्या नजरेने सांगायची की तिच्या आधाराने पुढचा अशक्य प्रसंगही खरा वाटावा, हे त्यांचे कौशल्य होते आणि ते त्यांच्या पत्रकारितेतून आलेले होते. ल कॅरे यांचेही तसेच आहे. त्यांच्या हेरांची खास बोली उचलणे सोपे आहे, पण चौकशीच्या खोलीत दोन माणसे बोलत असताना कोणाला काय माहीत आहे आणि कोण काय लपवत आहे, याचा जो ताण ते पानेच्या पाने धरून ठेवतात, तो उचलायला मनुष्यस्वभावाची तीच समज लागते. हार्कअवे यांनी याआधी लिहिलेल्या कादंबऱ्या अद्भुताकडे झुकणाऱ्या, मोकळ्या आणि उधळ्या भाषेतल्या आहेत. त्यांनी येथे आपला आवाज आवरला, तरी तो पूर्ण दाबला नाही. अधूनमधून एखादे वाक्य वडिलांनी लिहिले नसते असे येते. परीक्षक त्याला उणीव म्हणतील. मला ती वाक्ये हवीशी वाटली, कारण तेथे एक जिवंत लेखक काम करताना दिसतो.

जुन्या काळातल्या वृत्तींचे काय करायचे, हाही प्रश्न या लेखकांपुढे असतो. फ्लेमिंग यांच्या पुस्तकांत स्त्रियांविषयी आणि गोरेतर लोकांविषयी जी वाक्ये आहेत, त्यांतली काही आज वाचताना सहन होत नाहीत आणि ती पुन्हा लिहिण्याचे काहीच कारण नाही. पण १९५७ सालच्या माणसाच्या तोंडी आजचे विचार घालणे हाही खोटेपणाच होतो. 'ट्रिगर मॉर्टिस'मध्ये बाँडला एक समलिंगी मित्र दिलेला आहे आणि तो बाँडला त्याच्या जुनाट मतांबद्दल तोंडावर सुनावतो. बाँड आहे तसाच राहतो, पण त्या खोलीत आता दुसरा आवाजही असतो. हा मार्ग मला पटतो.

आता पुस्तकावर नाव कोणाचे, या मुद्द्याकडे येते, कारण आपल्या पुरवणीचा संबंध त्याच्याशी थेट येतो. एमिस यांनी टोपणनाव घेतले. फॉक्स यांच्या पुस्तकावर त्यांच्या नावाबरोबर 'इयान फ्लेमिंग म्हणून लिहिताना' अशा अर्थाचे शब्द होते. हार्कअवे यांनी स्वतःच्याच लेखननावाने लिहिले आणि त्याखाली ही जॉन ल कॅरे यांच्या विश्वातील कादंबरी असल्याचे नोंदवले. लडलम आणि अमेरिकन थरारकथालेखक टॉम क्लॅन्सी यांच्या मालिकांत मात्र दिवंगत लेखकाचे नाव शीर्षकाचाच भाग होऊन बसले आहे आणि मुखपृष्ठावर तेच आधी नजरेत भरते. क्लॅन्सी यांचे निधन १ ऑक्टोबर २०१३ रोजी झाले, आणि त्यांचे नाव शीर्षकात असलेल्या नव्या कादंबऱ्या त्यानंतरही दरवर्षी येत राहिल्या. वारसदारांनी रीतसर परवानगी दिलेली असते, करार झालेला असतो, हे सर्व मान्य. तरीही ज्याने महिनोन्महिने बसून पुस्तक लिहिले, त्याचे नाव ठळकपणे सांगितले जाणे हा त्याचा हक्क आहे आणि ते कळणे हा वाचकाचा.

परवानगीविना असे लेखन झाले की काय होते, याचे उदाहरण उर्दूत आहे. इब्ने सफी यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली इम्रान या हेराची मालिका इतकी लोकप्रिय होती की १९६० ते १९६३ या त्यांच्या आजारपणाच्या काळात त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन इतरांनी इम्रानच्या कथा बाजारात आणल्या. जुलै १९८० मध्ये त्यांचे निधन झाल्यावरही इम्रान थांबला नाही. मजहर कलीम यांनी तर त्याच्यावर स्वतःच्या नावाने शेकडो कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांचा स्वतःचा मोठा वाचकवर्ग तयार झाला. पहिल्या प्रकारात वाचकाची फसवणूक होती, दुसऱ्यात ती नव्हती, आणि फरक फक्त मुखपृष्ठावरच्या नावाचा होता.

हा प्रश्न यापुढे वाढणार आहे, हे कायद्याकडे पाहिले की लक्षात येते. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणून तेथे फ्लेमिंग यांची पुस्तके २०३४ अखेरपर्यंत वारसदारांच्या ताब्यात आहेत. कॅनडात तेव्हा ही मुदत ५० वर्षांची होती. त्यामुळे २०१५ मध्ये तेथे वेगवेगळ्या लेखकांच्या नव्या बाँडकथांचा एक अनधिकृत संग्रह निघाला आणि तो फक्त त्याच देशात विकता येत होता. भारतात मुदत ६० वर्षांची आहे, म्हणून फ्लेमिंग यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०२५ पासून येथे मुक्त झाली आहेत. चित्रपटांनी निर्माण केलेल्या गोष्टी आणि व्यापारचिन्हे यांचे हक्क वेगळे असतात, ते मुक्त झालेले नाहीत. तरी मूळ पुस्तकांच्या आधारे नवे लेखन करण्याचा मार्ग उघडला आहे, आणि उद्या मराठीत एखाद्या लेखकाने तसे केले तर मी ते उत्सुकतेने वाचेन. मात्र त्या वेळी कोणते पुस्तक फ्लेमिंग यांचे, कोणते वारसदारांच्या परवानगीचे आणि कोणते स्वतंत्र, हे वाचकाला सांगणारे कोणी तरी हवे.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की अशा कादंबरीची ओळख छापताना प्रत्यक्ष लिहिणाऱ्याचे नाव शीर्षकाबरोबरच द्यावे, मूळ लेखकाचे निधन केव्हा झाले आणि नव्या लेखकाला परवानगी कोणाची आहे ते एका वाक्यात नमूद करावे, आणि मूळ मालिकेतील कोणते पुस्तक आधी वाचलेले असणे आवश्यक आहे हेही सांगावे. शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'कार्लाज चॉइस'ची पहिली काही प्रकरणे वाचली की 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड'चा शेवट उघड होतो. ज्याने ती जुनी कादंबरी वाचलेली नाही, त्याच्याकडून हेरकथेच्या इतिहासातील एक अत्यंत प्रभावी शेवट अशा रीतीने हिरावला जाऊ नये. ती कादंबरी लहान आहे आणि सहज मिळते. परीक्षकाने तसे एका ओळीत सुचवले तर वाचक ती आधी वाचून घेईल.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक